स्क्रूवरची रेघ

मशीन दादांसमोर कधीच बंद पडत नव्हतं, आणि त्यांच्या मते सगळी गोम तिथेच होती.

घरामागच्या खोलीतलं ते संगणकावर चालणारं, लाकूड कोरायचं सीएनसी मशीन दादांनी स्वतः जोडलं होतं. कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झाल्यावर त्यांनी पॅनेल बांधलं, वायर ओढल्या आणि प्रत्येक वायरच्या टोकाला सोल्डर लावून ते असं चकचकीत केलं, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. मशीन चालवायचा त्यांचा धाकटा भाऊ. तो सुतार, सहा फूट उंच, म्हणून अर्थातच घरात सगळे त्याला बारक्या म्हणत. दादांनी मशीन सांभाळायचं, बारक्याने त्यावर कपाटांची दारं कोरायची, अशी वाटणी होती. बारक्या दोन गल्ल्या सोडून राहायचा, पण आठच्या ठोक्याला हजर. त्याच्या चपला वाजल्याशिवाय दादांना दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा नाही. अर्थात हे त्यांनी त्याला जन्मात सांगितलं नसतं.

गेले दोन महिने मात्र मशीनने छळ मांडला होता. अर्धं दार कोरून झालं की आडव्या मोटरला वीज देणाऱ्या डबीवर, म्हणजे ड्राइव्हवर, लाल दिवा लुकलुकायचा, मोटर जागच्या जागी थांबायची आणि दार वाया जायचं. लाल दिव्याचा अर्थ ड्राइव्हच्या पुस्तिकेत छापला होता: मोटरची जोडणी तुटली. दादा यायचे, मीटर लावायचे. जोडणी शाबूत. पाच मिनिटं चालवून बघायचे, तर मशीन गरीब गाईसारखं चालायचं.

त्यांनी शिस्तीत शोध घेतला. दोन ड्राइव्हची अदलाबदल केली. फॉल्ट तिथेच राहिला, म्हणजे ड्राइव्ह निर्दोष. मोटर बदलून पाहिली, तीही निर्दोष. केबल नवी टाकली, तिच्याही टोकांना मन लावून सोल्डर केलं. आठ-दहा दिवस बरे गेले आणि पुन्हा लाल दिवा. ड्राइव्ह सुटला, मोटर सुटली, केबल सुटली. मग उरलं कोण? माणूस.

शहराच्या दुसऱ्या टोकाच्या फर्निचर कारखान्याने बारक्याला दोनदा बोलावणं धाडलं होतं. दोन्ही वेळा आपण नाही म्हणालो, असं बारक्याने सांगितलं होतं. आता ते 'असं सांगितलं होतं' दादांना खुपायला लागलं. तोंडावर सांगून जायला जीभ रेटत नसेल, म्हणून मशीनच बाद ठरवायचं आणि आपण नामानिराळं राहायचं! त्यात एका सकाळी बारक्या अंगणात फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं, "नाही, दादाला कळता कामा नये." दादांना पाहताच त्याने फोन खिशात टाकला. नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

"तुमचं आपलं काहीतरीच," बायको म्हणाली. "सासूबाई सांगायच्या, लहानपणी तुमचा खाऊ चोरला तरी आधी तुम्हाला सांगून चोरायचा तो."

"माणसं बदलतात," दादा म्हणाले.

कारखान्यात एक पद्धत होती. स्क्रू आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पृष्ठभागापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. स्क्रू केसभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. दादांनी बायकोची नेलपॉलिश उचलली आणि पॅनेलमध्ये आडव्या मोटरच्या वायर धरून ठेवणाऱ्या चारही स्क्रूंवर बारीक रेघा ओढल्या.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाला लाल दिवा लागला. दादांनी पॅनेल उघडलं. दोन रेघा तुटल्या होत्या. खरं सांगायचं तर त्यांना जरा बरं वाटलं. आपण बरोबर होतो, याचं बरं वाटलं.

"या स्क्रूंना हात कोणी लावला?"

"मी," बारक्या म्हणाला.

दादांनी नकाराची तयारी करून ठेवली होती, होकाराची नाही. "का?"

"सैल वाटले."

"मी आवळलेले स्क्रू, आणि सैल? तीस वर्षं मी गवत उपटलं का? तिकडे जायचंय ना तुला? मग तोंडाने सांग! माझ्या मशीनच्या मुळावर कशाला उठतोस?"

"मी मुद्दाम बंद पाडतो असं वाटतं तुला?"

"वाटत नाही. पुरावा आहे माझ्याकडे."

बारक्याने भुश्याने माखलेले हात झटकले आणि तो निघून गेला.

जेवण झाल्यावर दादा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले, शत्रूने सैल केलेलं आवळायला. आणि थबकले. तुटलेल्या रेघेचा डोक्यावरचा तुकडा उजवीकडे सरकला होता. दुसऱ्या स्क्रूवरही तेच. स्क्रू कोणी सैल केलेच नव्हते, ते अजून आवळले होते. मशीन मोडायला निघालेला माणूस स्क्रू आवळेल कशाला?

मग त्यांनी न तुटलेल्या रेघेखालची वायर चिमटीत धरून ओढली. स्क्रू तसाच, रेघ तशीच, आणि वायर अलगद हातात आली. तिचं सोल्डर केलेलं गोल टोक दाबून चपटं झालं होतं. सोल्डर मऊ धातू. स्क्रूच्या दाबाखाली ते रोज थोडं थोडं दबत जातं आणि पकड सुटते. पाच मिनिटांत कळत नाही, तासभर मशीन थरथरलं की कळतं. पुस्तिकेच्या दुसऱ्याच पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं: वायरच्या टोकांना सोल्डर लावू नये. ते पान दादांनी वाचलंच नव्हतं. वायर कशी जोडायची हे त्यांना पुस्तिकेने शिकवायचं?

ते तसेच उठून बारक्याच्या घरी गेले. बारक्या पायरीवर बसून रंध्याला धार लावत होता.

"सोल्डरने झालं," दादा उभ्याउभ्याच म्हणाले. "माझ्या."

"माहीत आहे. ड्राइव्हवाल्याला विचारलं होतं मी फोनवर. म्हणून तू यायच्या आधी रोज आवळून ठेवायचो. आज दोनच झाले, तेवढ्यात तू आलास."

"मग मला का नाही बोललास?"

"घरी कोणी आलं की चहाच्या आधी तू ती टोकं दाखवतोस, दादा. कसं बोलणार?"

इतकी लाज त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. "चुकलो मी, बारक्या. उद्या ये."

"येतो ना. सगळी टोकं कापून वायरवर धातूच्या नवीन पिना दाबून बसवून देतो. पुन्हा त्रास नाही व्हायचा." त्याने पात्यावरून अंगठा फिरवला. "पण सोमवारपासून मी तिकडे जाणार. मघाशी येता येताच कळवलं त्यांना."

"अरे, पण तुला तर जायचं नव्हतं!"

"नव्हतंच," बारक्या म्हणाला.