नव्वदच्या खाली नाही

"जरा हळू कर की गं ते," कमलबाई म्हणाल्या. "छातीत आतून कोणी टिचक्या मारून राहिलंय."

"नाही करता येत, मावशी. डॉक्टरांनी मिनिटाला नव्वद ठोके सांगितलेत."

संध्याने उशाशी ठेवलेल्या छोट्या मशीनकडे पुन्हा एकदा पाहिलं. त्यातून निघालेली तार कमलबाईंच्या मानेतल्या शिरेतून थेट हृदयात उतरली होती. हिंगोलीच्या या खासगी दवाखान्यात नर्स म्हणून लागल्यापासून संध्याला म्हाताऱ्या पेशंटना मावशी म्हणायची सवय झाली होती. पण या बाईला ती एके काळी आत्याबाई म्हणायची. त्या तिच्या सासू होत्या. नवऱ्याने, रविंद्रने, पुण्यात दुसरा संसार मांडला आणि संध्या डोंगरकड्याचं घर सोडून माहेरी आली, ते नातं तिथेच संपलं.

काल गल्लीतल्या लोकांनी कमलबाईंना बेशुद्ध आणलं तेव्हा हृदयाचे ठोके निम्म्यावर आले होते. शुद्धीवर आल्यावर त्यांनी संध्याला ओळखलं. तिने सलाईन लावलं, लुगड्याचा पदर नीट केला.

डॉक्टरांनी सकाळी तिला बाजूला घेतलं. "मशीन कायमचं बसवायला नांदेडला न्यावं लागेल. मी येऊ शकत नाही, आत एक पेशंट गंभीर आहे. तुम्ही जा. एक लक्षात ठेवा, यांचं हृदय हळू चाललं की खालचे कप्पे प्रत्येक ठोक्यानंतर सावरायला फार वेळ घेतात. ते पुरते सावरायच्या आत मधेच एखादा चुकार ठोका पडला, की नुसती थरथर सुरू होते. काल दोनदा झालं ना, तेच. आपण वेग चढा ठेवला की सावरायचा वेळ कमी होतो आणि चुकार ठोक्याला जागा उरत नाही. म्हणून नव्वदच्या खाली यायचं नाही. तार हलली तर करंट वाढवा आणि डाव्या कुशीवर घ्या."

"रविंद्रला कळवलंय?" संध्याने विचारलं. ते नाव तिने बऱ्याच काळाने उच्चारलं होतं.

"फोनवर परवानगी दिली त्याने. तो पुण्याहून निघालाय."

ड्रायव्हर बालाजीने ॲम्ब्युलन्स काढली. कळमनुरी मागे पडली. संध्या एक डोळा मॉनिटरवर आणि एक तारेवर ठेवून बसली होती. कमलबाई छताकडे बघत होत्या. मग त्या एकदम म्हणाल्या, "नोकरी चांगली हाय का?"

"हो."

"पगार टायमावर देतेत?"

"देतात."

"बराबर हाय मग." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तू गेली त्या दिवशी मी तुजी पेटी उचलून स्टँडवर आले व्हते."

संध्याला ते आठवत होतं. पेटी हातात देऊन कमलबाई बस हलेपर्यंत उभ्या राहिल्या होत्या. थांब म्हणाल्या नव्हत्या, जा म्हणाल्या नव्हत्या. त्या उभं राहण्याचा अर्थ संध्याने माहेरी आल्यावर कितीदा तरी लावून पाहिला होता. एकदा वाटायचं, माया होती. एकदा वाटायचं, ब्याद गेली म्हणून आल्या.

"तुमी काहून आला होता तवा?" तिने विचारलं. दवाखान्यातली भाषा तिच्या तोंडातून गळून पडली, ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

"सांगते," कमलबाई म्हणाल्या.

तेवढ्यात रस्त्याच्या उकरलेल्या भागात ॲम्ब्युलन्स जोरात आदळली. संध्याने मॉनिटरकडे पाहिलं. मशीनच्या उभ्या रेषा वेळेवर येत होत्या, पण त्यांच्या मागे ठोका उमटत नव्हता. कमलबाईंचे डोळे वर गेले. ओठ पांढरे पडले.

"बालाजी, गाडी थांबव."

तिने करंटचं बटण फिरवलं. रेष रिकामीच गेली. पुन्हा एक. एका हाताने तिने कमलबाईंचा खांदा धरला, दुसऱ्याने कंबर, आणि त्यांना डाव्या कुशीवर ओढून घेतलं. अंग हलकं लागलं, नुसती हाडं. "आत्याबाई," ती म्हणत होती, "आत्याबाई, इकडं बघा माझ्याकडं." बटण तिने आणखी फिरवलं.

एका रेषेमागे ठोका आला. मग दुसरा. मग ओळीने येऊ लागले.

संध्याने मनगटावर बोटं ठेवली. नाडी लागत होती, मशीनच्या बरोबरीने. बालाजी पाठीमागचं दार उघडून उभा होता.

"हळू ने आता," ती म्हणाली. "उशीर झाला तरी चालंल."

कमलबाईंनी डोळे उघडले. "कुठं गेल्ते मी?"

"कुठंच न्हाई. हितंच हाय तुमी."

"टिचक्या मारून राहिलंय अजून."

"मारू द्या."

कमलबाई कुशीवरच पडून राहिल्या. त्यांनी संध्याचं बोट धरलं होतं. "थांब म्हणावं वाटत व्हतं," त्या म्हणाल्या. "पर थांबून तुला काय मिळलं असतं त्या घरात? माजं पोरगं माजंच ऐकत नव्हतं. म्हणून पेटी उचलली. तेवढंच माज्या हातात व्हतं."

संध्याने त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले. डोंगरकडा आलं आणि गेलं, दोघींनीही खिडकीकडे पाहिलं नाही.

नांदेडला कमलबाईंच्या डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत कायमचं मशीन बसलं. आता नव्वदची गरज नाही, वेग ऐंशीवर ठेवलाय, पुढे बघून आणखी कमी करू, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. हिंगोलीचं मशीन परत न्यायचं होतं म्हणून संध्या थांबली होती. कमलबाईंना बाहेर आणलं तेव्हा त्या पूर्ण जाग्या होत्या.

"शेळी कालपासून दाव्याला हाय," त्या म्हणाल्या. "कोनी पाणी दाखवलं का न्हाई, कोन जाणे. जाता जाता बघशील?"

"बघते."

जिन्यात रविंद्र भेटला. दाढी वाढलेली, खांद्याला बॅग. तिला पाहून तो थबकला. तिला काय म्हणून हाक मारावी ते त्याला सुचेना.

"आई..." तो म्हणाला.

"वरच्या मजल्यावर, उजवीकडं. बोलून राहिल्यात. डावा हात वर उचलू देऊ नका." एवढं सांगून ती खाली उतरली.

ती आणि बालाजी डोंगरकड्याला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. बालाजी चहाच्या टपरीवर थांबला आणि संध्या एकटीच गल्लीत शिरली. फाटक ढकलल्यावर शेळी ओरडली. रांजणात पाणी होतं, बादली पूर्वीच्याच खुंटीला होती.

शेजारच्या सखुबाई कुडावरून डोकावल्या. "कोन हाय गं?"

"मी संध्या."

सखुबाईंनी डोळे बारीक केले. "कमल कशी हाय?"

"आत्याबाई बऱ्या हायत. दोन-चार दिवसांत येतील."

"दुपारी पाला टाकलाय म्या तिला," सखुबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

शेळीने बादलीत तोंड घातलं. ती पिऊन होईपर्यंत संध्या बादली तिरकी धरून उभी राहिली. मग तिने उरलेलं पाणी दारापुढच्या झाडाला ओतलं, बादली विसळली आणि न्हाणीच्या दगडावर पालथी घातली.