नाक रस्त्याकडे

"ज्याला छप्परच नाही, त्याला कुणी बेघर करू शकत नाही," असं मास्तरांनी व्हॅनच्या दारात उभं राहून नदीला सांगितलं, आणि पोटरीवरची जळू मीठ टाकून सोडवली.

नदीने लक्ष दिलं नाही. ती वर्षभर हेच ऐकत होती.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. बायको गेल्यावर त्यांनी घर मुलाच्या नावावर केलं आणि जुनी व्हॅन घेऊन बाहेर पडले. निघताना मुक्त आयुष्यावर भाषण केलं. भाषण फार चांगलं झालं, म्हणून आता परत जाता येत नव्हतं.

फिरत फिरत ते जंगलातल्या या फुकटच्या मुक्कामी येऊन अडकले. वाटसरूंनी तीन रात्रींहून जास्त राहू नये, अशी पाटी होती. चौथ्या सकाळी मास्तर व्हॅन एका झाडाखालून काढून दुसऱ्या झाडाखाली लावत, आणि वनरक्षक त्यांना नव्याने नमस्कार करी. पाऊस थांबला तरी झाडं गळतच राहायची. उशीला बुरशी आली होती. गुडघ्यांनाही आली असावी, असा मास्तरांचा संशय होता. फोनवर मात्र ते मुलाला पक्षी ऐकवत.

आज मुलगा भेटायला येणार होता आणि मास्तरांचं ठरलं होतं. तो निघताना, गाडीच्या दाराला हात लावून, सहज सुचल्यासारखं म्हणायचं, येतो मीही थोडे दिवस. त्यासाठी शर्ट रात्रभर गादीखाली दाबून ठेवला होता. स्टोव्ह पुसून खोक्यात भरला होता. बॅग पडद्यामागे होती, दिसणार नाही पण हाताशी येईल अशी.

दुपारी गाडी आली. गाडी लावायची ती नाक रस्त्याकडे करून, कधीही निघता आलं पाहिजे, हा मास्तरांचा पहिला धडा. मुलगा तो त्यांच्या मांडीवर बसून शिकला होता. आज त्याने गाडी सरळ आत घातली, नाक पार झाडीत, आणि इंजिन बंद करून बसून राहिला.

मास्तर छत्री घेऊन गेले. मागच्या सीटवर गाद्यांची वळकटी, मिक्सर, आणि चादरीत गुंडाळलेला त्याच्या आईचा आरसा.

"उलटी लावलीस," मास्तर म्हणाले.

"हो."

"निघताना त्रास होईल."

मुलाने काच थोडी खाली केली. "कुठे निघायचंय, बाबा?"

मग त्याने तुटक तुटक सांगितलं. दुकानाच्या कर्जापायी घर गेलं होतं. सूनबाई लेकीला घेऊन माहेरी होती. तिथे जावयाला जागा होती, पण जावयाला तोंड नव्हतं.

"तुम्हीच म्हणता ना, इथे माणसाला काही लागत नाही. म्हटलं, बाबा एवढे मजेत आहेत..."

मास्तरांनी छत्री त्याच्यावर धरली. घडीच्या शर्टावर झाड गळत राहिलं.

"मजेतच आहे," ते म्हणाले.

व्हॅनमध्ये येऊन त्यांनी बॅग पायानेच पलंगाखाली सारली, खोक्यातून स्टोव्ह काढला आणि चहाचं आधण ठेवलं. मुलगा पलंगावर आरसा मांडीवर घेऊन बसला होता. बापाने काहीतरी म्हणायला हवं, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी घसा साफ केला.

"हे बघ, ज्याला छप्परच नाही..."

"बाबा," मुलगा पँट वर करून पोटरीकडे बघत म्हणाला, "जरा मीठ देता का?"