पाणी उतरेपर्यंत

"अजून लई हाय," मामा पाण्याकडे बघत म्हणाले.

हर्णे बंदरावर सकाळचा लिलाव चालला होता. बैलगाड्या गुडघाभर पाण्यातून मासळीच्या टोपल्या आणत होत्या, पुण्या-मुंबईचे पर्यटक सुरमई हातात धरून फोटो काढून घेत होते, आणि त्या गोंगाटात माझे सासरे कमरेवर हात ठेवून, विहिरीत डोकावावं तसे, समुद्राचं पाणी जोखत उभे होते. दापोलीच्या हॉटेलांना नारायणगावचे टोमॅटो पोचवून मी नुकताच मोकळा झालो होतो. या खेपेला त्यांनाही टेम्पोत बसवून आणलं होतं, कारण वैशाख लागला होता आणि आता टाळणं शक्यच नव्हतं.

जानकूमामांचं आयुष्य डिंभे धरणाच्या काठानं गेलं. गाव बुडालं तेव्हा ते तिशीत होते. घर वरच्या अंगाला बांधलं, शेत मात्र पाण्याखाली गेलं ते गेलंच. दिवाळीनंतर पाणी हटू लागलं की ते त्याच्या मागोमाग खाली जातात, ओल्या गाळात पेरतात आणि पाणी परत चढायच्या आत पीक काढून घेतात. वैशाखात पाणी अगदी तळाला जातं, तेव्हा जुन्या घराचं जोतंसुद्धा उघडं पडतं. त्यांच्या भावकीतले गेणभाऊ एका श्रावणात होडीतून पडले, ते वैशाखात आपल्याच जुन्या बांधाला सापडले. पाण्यानं नेलेलं पाणीच वैशाखात परत देतं, हा मामांचा डोळ्यांनी पाहिलेला हिशेब.

माझा मेव्हणा आदेश इथल्या एका बोटीवर खलाशी होता. ते काम त्याला मीच बघून दिलं होतं. नारळी पौर्णिमेनंतर आठवड्याभरात जाळं ओढताना तो पाण्यात पडला आणि सापडलाच नाही. भावकीनं सांगितलं, दर्भाचा पुतळा करा आणि दहावा उरकून घ्या. माझ्या सासूबाई, सखूमामी, अडून बसल्या. वैशाखात पाणी उतरेल, तोवर काही करायचं नाही. मामांनी होकारार्थी मान डोलावली. तेव्हापासून त्या घरात रोज आदेशचं ताट वाढलं जातं, आणि माझी बायको रत्ना माहेरी जायचं टाळते.

समुद्राचं गणित धरणासारखं नसतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. दोन वर्षं मी इथं खेपा करतोय. पण त्यांच्या पोराला बोटीवर चढवणाऱ्या माणसानं हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं? मामा मला एका शब्दानं बोलले नव्हते. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

खाडीपलीकडे आंजर्ल्याच्या बाजूला आणखी एक धक्का आहे, तिथं बघू, असं मी म्हटलं. वेळ काढायचा होता, दुसरं काय. चहा, डिझेल करत पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि खाडी रिकामी पडली होती. बोटी चिखलात कुशीवर कलंडल्या होत्या.

मामांचा चेहरा एकदम उजळला.

"उतारलं की, पावणं."

वहाणा काढून ते गाळात उतरलेसुद्धा. मला त्यांना थांबवता आलं नाही. गाळातून कसं चालायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ते एकेका बोटीखाली वाकून बघत होते. खुंटाला अडकलेलं जाळ्याचं लक्तर त्यांनी बोटांनी उलगडून पाहिलं. एक चप्पल उपसली, सदऱ्याला पुसली, निरखली आणि होती तिथंच ठेवली. मी धक्क्यावर बसून होतो. मला रडू येत होतं आणि लाजही वाटत होती.

शेवटी बोटीला रंग लावणाऱ्या एका म्हाताऱ्यानं, काय हरवलंय, म्हणून विचारलं. मामांनी सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं ब्रश खाली ठेवला आणि पूर्ण ऐकून घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाला की बाबा, आता वर या, भरती लागेल. हे पाणी दिवसातून दोनदा जातं आणि दोनदा येतं.

"रोज?" मामांनी विचारलं.

"रोज."

मी खाली उतरून मामांजवळ गेलो.

"म्हंजी नऊ म्हयनं ह्यो दर्या रोज दोनदा उघडं करून दावतोय," ते म्हणाले. "आन आमी वैशाखाची वाट बघत बसलो."

"मामा, मला म्हाईत व्हतं," मी म्हणालो. नऊ महिने गिळलेलं एकदाचं बाहेर पडलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता.

"मलाबी कुणाला इचारता आलं असतं," ते म्हणाले. "न्हाई इचारलं."

वर आल्यावर त्यांनी मामींना फोन लावायला सांगितला. मामींनी पहिल्यांदा पाण्याचंच विचारलं.

"उतारलं," मामा म्हणाले. मग म्हणाले, "समदीकडं बघितलं म्या. त्याचं ताट आता नको वाढू."

फोन कट झाला असं वाटून मी हात पुढे केला, तेवढ्यात मामींनी विचारलं, तुम्ही जेवलात का. मामा जेवलो म्हणाले. आम्ही जेवलो नव्हतो.

दापोलीत शिरताना त्यांनी न्हाव्याचं दुकान दिसलं तर थांबा म्हटलं. दुकान पर्यटकांसाठी सजवलेलं होतं, भिंतीवर केसांच्या फॅशनचे फोटो. केस किती बारीक ठेवायचे, असं न्हाव्यानं विचारलं.

"समदं काढ," मामा म्हणाले. "मिशीबी."

न्हाव्यानं आरशात माझ्याकडे पाहिलं, मग रेडिओ बंद केला.

ताम्हिणीच्या घाटात वारा सुटला. काच वर करू का म्हणून मी विचारलं, तर ते नको म्हणाले. डोईवरची टोपी आता त्यांना सैल होत होती. ती सारखी कपाळावर उतरायची, आणि ते एका हातानं ती मागं सारून पुढचा रस्ता बघत राहायचे.