हलणारं काही नाही

घशाच्या ऑपरेशनमध्ये मुकुंदचा आवाज गेला, तेव्हा शेजारीपाजारी हळहळले. मला त्यांचा रागच आला. माझा नवरा सगळा जन्म चाकणच्या एका कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर होता. तिथल्या दणदणाटात तोंडाचा काही उपयोग नसतो, सगळे हातांनीच बोलतात. ती बोली त्याने घरी आणली आणि इराला, आमच्या लेकीला, लहानपणीच शिकवली. जेवताना दोघं माझ्यादेखत माझीच टिंगल करायचे. मी पडले शाळेतली मराठीची बाई. असल्या माकडचेष्टा मला शिकायच्या नव्हत्या. दोनच खुणा कळायच्या: चहा, आणि मनगटांची फुली, म्हणजे शिफ्ट संपली.

इरा नागपूरला होती. दिवस भरत आलेले, डॉक्टरांनी प्रवासाला साफ नकार दिलेला. मुकुंदला तिच्याशी बोलायचं होतं, आणि आपल्या हाती फार वेळ नाही हे त्याला कळत होतं.

"लिहून दे ना," मी म्हटलं.

त्याने पाटीवर लिहिलं, 'लिहिलं की नोटीस वाटते.'

उपचारांनंतर उजेड त्याच्या डोळ्यांना सहन होत नव्हता. खोलीत जाड पडदे आणि एक मिणमिणता दिवा, तेवढंच. फोनवर व्हिडिओ लावला की इरा रडायची. "आई, नुसता काळा गोळा दिसतोय गं. बाबा कुठायत?"

म्हणून मी पिंपरीत शौकतभाईंच्या दुकानात गेले. ते जुने कॅमेरे विकतात, आणि दवाखान्यानंतर आम्हाला नवा परवडणार नव्हताच.

"मेगापिक्सेलच्या जाहिरातींना भुलू नका, ताई," ते म्हणाले. "अंधारात सेन्सर मोठा पाहिजे, लेन्सचं तोंड मोठं पाहिजे. हा बघा. जुना आहे, पण इमानदार आहे."

दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन त्यांनी माझंच शूटिंग करून दाखवलं. माझ्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा स्वच्छ दिसत होत्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

"फक्त एक आहे," शौकतभाई म्हणाले. "अंधार उजळायला कॅमेऱ्याचा डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. तसं सेटिंग करून देतो. पण हलणारी वस्तू असेल तर तिचे फराटे उठतील. तुम्हाला शूट काय करायचंय?"

"कॅन्सरचा पेशंट आहे, शौकतभाई. तो काय नाचणार आहे? पलंगावर बसलेला माणूस. हलणारं काही नाही."

ते ओशाळले. वर किंमतही कमी केली.

दुसऱ्या दिवशी मुकुंदने दाढी करून घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला. कॅमेरा स्टँडवर लावून मी त्याच्या छोट्या पडद्याला डोळे लावून बसले. तो खूप वेळ बोलला. मध्येच हसला, एकदा डोळे पुसले. शेवटी दमून त्याने मनगटांची फुली केली आणि तशीच छातीशी धरून ठेवली. मी बटण बंद केलं. इतकं समाधान मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. पाठवायला गेले तर फाइल जाईना. म्हटलं, इरा आल्यावर निवांत बघेल.

मुकुंद त्याच आठवड्यात गेला.

इरा बाळाला घेऊन आली ती सव्वा महिना झाल्यावर. बाळाला माझ्या मांडीवर देऊन तिने टीव्हीला कॅमेरा जोडला. पडद्यावर मुकुंद आला. चेहरा लख्ख, दाढी करताना कापलेलं हनुवटीवर दिसत होतं. आणि चेहऱ्याखाली, हात असायला हवेत तिथे, नुसती वाफ.

इराने थांबवलं, मागे नेलं, एकेक चित्र पुढे सरकवलं. कुठेच बोटं नव्हती. बाप हसला तेव्हा तीही हसली, कशाला ते न कळताच. शेवटी हात स्थिर झाले. मनगटांची फुली मात्र अगदी स्पष्ट आली होती.

"आई," ती म्हणाली, "तू तर समोरच होतीस ना? थोडं तरी आठवतंय? हात कसे फिरवत होते ते तरी?"

"मी उजेड पुरतोय का ते बघत होते गं," मी म्हटलं. "त्याच्या हातांकडे मी बघितलंच नाही."