पायाखालचा हिरवा रंग

मित्रांनो, मी एक जुना, विजेवर चालणारा पेट्रोलचा पंप आहे. पेट्रोलचा पंप म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे गाड्यांची रांग उभी राहील. परंतु तो मी नव्हे. मी मुठीत मावतो. तळाच्या टाकीतले पेट्रोल वर ओढून इंजिनाच्या मुखी घालणे, एवढेच माझे जीवितकार्य. काम करताना मी टक-टक असा आवाज करतो. तीच माझी वाणी. दुसरी मला मिळाली नाही, आणि त्यामुळे जो मनस्ताप मी सोसला, तोच आज सांगणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तांब्याच्या तारेचे वेटोळे माझ्या पोटात बसवले गेले. नागपूरच्या एका दुकानातून बळीरामने मला विकत घेतले. पारशिवनीच्या पुढे धरणाचे पाणी पसरले, तेव्हा पलीकडच्या गावाचा रस्ता बुडाला होता. बळीरामने पत्र्याच्या बोटीत जुन्या जीपगाडीचे इंजिन बसवले आणि त्या गावाची ये-जा सुरू केली. चार वर्षे मी एकही दिवस खाडा केला नाही. लोक उतरताना म्हणत, "बोट मोठी इमानदार आहे गा." इंजिनाचे कौतुक होई, बळीरामचे होई. माझे नाव कुणाला ठाऊकही नव्हते. पण मला त्याचे दुःख नव्हते.

पाचव्या वर्षी दसरा आला. दसऱ्याला बळीराम बोट धुऊन रंगवीत असे, झेंडूचा हार घालून नारळ फोडीत असे. त्या वर्षी त्याने मोठ्या प्रेमाने मला खोलून बाजूला ठेवले, माझ्या जागेवरही हिरव्या रंगाचे दोन हात दिले, आणि रंग वाळल्यावर मला पुन्हा तिथेच घट्ट बसवले. मला कुंकूही लावले. मित्रांनो, त्याच प्रेमाने माझा घात केला.

वीज एका तारेने माझ्या अंगात येई आणि माझ्या लोखंडी पायातून बोटीच्या पत्र्यात उतरून बॅटरीकडे परत जाई. येण्याची वाट जितकी मोलाची, तितकीच परतीची. रंगाने ती परतीची वाट बुजवली. बोल्ट आवळताना कुठेतरी रंग थोडा खरवडला होता, त्या आधारावर मी तीन दिवस कसाबसा चाललो. चौथ्या दिवशी भर पाण्यात माझी वाचा बंद झाली.

त्या दिवशी बोटीत पार्वतीबाई होत्या. गोधड्या शिवणाऱ्या या वृद्धेचा डावा डोळा कधीच गेला होता. उजव्यात मोतीबिंदू पिकला होता, आणि नागपुरात धंतोलीच्या डॉक्टरांनी त्याच दिवसाची ऑपरेशनची तारीख दिली होती. वल्ही मारून बोट काठाला लागेपर्यंत नागपूरची एसटी निघून गेली. डॉक्टरांनी पुढच्या बुधवारची तारीख दिली आणि बजावले की, याहून उशीर झाला तर हाही डोळा हाती लागणार नाही.

बळीरामने बॅटरी बदलली, तार बदलली, पेट्रोलची गाळणी धुतली. मी मुकाच. शेवटी तो मला घेऊन नागपूरला ताराचंद मिस्त्रीकडे गेला. ताराचंदने बॅटरीच्या दोन तारा घेतल्या, एक माझ्या डोक्याला लावली, दुसरी पायाला. मी लगेच टक-टक बोलू लागलो.

"पंप तर एकदम फर्स्ट क्लास आहे," ताराचंद म्हणाला. "तूच काही गडबड करून राहिला."

मला किती वाटले की ओरडून सांगावे, इथे तुम्ही मला परतीची वाट दिली आहे, तिथे ती नाही! पण टक-टक याखेरीज मला काय येते?

बुधवारी सकाळी बळीरामने मला बोटीत बसवले. पार्वतीबाई गाठोडे मांडीवर घेऊन आधीच येऊन बसल्या होत्या. वारा असा सुटला होता की वल्ह्यांचा उपयोग नव्हता. बळीरामने बटण दाबले. मी मुका.

"काहून गा बळीराम," दुधाच्या कॅनवर बसलेला नत्थू म्हणाला, "तुहा पंप नागपुरात चालते अन् इथं मरते. त्याले तिकडं सिनेमा तं नाही दाखवला?"

"चूप बस बे. माह्या डोक्याची भट्टी झाली आहे."

त्याने पाना उचलून माझ्या डोक्यावर दोनदा मारला. मग हताश होऊन तो पाना तसाच टाकून दिला. पान्याचे एक टोक माझ्या अंगावर पडले, दुसरे इंजिनाच्या उघड्या, रंग न लागलेल्या बोल्टवर. मी बोललो. टक-टक-टक. बळीरामने आनंदाने पाना उचलला, आणि मी पुन्हा मुका झालो. त्याने पुन्हा मारला, पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

"मारू नको त्याले," पार्वतीबाई म्हणाल्या. "पाना ठेव फक्त."

"काकी, तुले दिसत नाही, तू काहून बोलते मधात?"

"दिसत नाही म्हणूनच ऐकून राहिली ना गा. पाना इंजिनवर टेकला का तो बोलते, उचलला का मुका होते. मारल्यानं नाही बोलत तो."

बळीरामने पाना हळूच टेकवला. मी बोललो. उचलला. मी थांबलो. मग तो वाकला आणि पहिल्यांदाच त्याने माझ्या पायाखाली पाहिले.

"रंग," तो पुटपुटला. "मीच लावला."

पार्वतीबाईंनी चंचीतून अडकित्ता काढून दिला. त्याने माझ्या पायाखालचा रंग रुपयाएवढा खरवडला, पत्रा चमकू लागला, आणि मी असा बोलू लागलो की थांबेचना. बोट काठाला लागली तेव्हा एसटी निघतच होती; नत्थूने कॅन बडवून ती थांबवली.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. तुमच्या घरीही एखादे यंत्र अचानक मुके होईल. त्याला मारण्यापूर्वी त्याच्या पायाखाली पाहा; कदाचित तुमच्याच प्रेमाने त्याची वाट बुजली असेल. त्या बुधवारनंतर आलेल्या दसऱ्याला पार्वतीबाई जाड भिंगाचा चष्मा लावून आल्या. मला निरखून म्हणाल्या, "एवढासाच आहे का गा हा?" त्यानंतर दर दसऱ्याला बळीराम मला खोलून बाजूला ठेवी, पार्वतीबाई माझ्या पायाखालची ती खरवडलेली जागा अंगठ्याने झाकून धरीत, आणि बळीराम त्यांच्या अंगठ्याभोवती हिरवा रंग फिरवी.