मालनचा घोयरा

"वाटीत पानी ठिवू नको, वैनी. साचल्यालं पानी त्याला उमगतच न्हाई. पानावर शिंपड. थेंब हलला की पितो बघ."

नगरच्या दवाखान्यात निघताना एस.टी.च्या फाट्यावर मालननं मला हे सांगितलं. तिला छातीचं दुखणं होतं, बोलताना सारखा दम लागे. मालन माझी धाकटी नणंद. नवऱ्यानं टाकली म्हणून माहेरी आलेली. पोरांनी दगड मारून जायबंदी केलेला एक घोयरा, म्हणजे तो रंग बदलणारा सरडा, तिनं ओच्यात घालून घरी आणला होता. त्याचा मागचा पाय लुळा पडलेला. या फांदीवरून त्या फांदीवर जाणं जमेना, शिकार तोंडापुढंच यावी लागे. परसातल्या डाळिंबावर तो बसे आणि मालन त्याला नाकतोडे चारी.

"मी येईस्तवर जगव त्याला," ती म्हणाली. "आन नाकतोडा जित्ताच दे. मेल्याला त्वांड लावत न्हाई."

मी मान हलवली. पण माझा चातुर्मासाचा नेम होता, हातून जीव जाऊ द्यायचा नाही. चुलीत लाकूड सारताना मुंग्यासुद्धा झटकून घ्यायची मी.

म्हणून पहिल्यांदा नागोबाला ठेवतात तसं दूध-लाह्या ठेवल्या. त्यानं एक डोळा दुधाकडं फिरवला, एक माझ्याकडं, आणि बसून राहिला. मग केळं ठेवलं, दहीभात ठेवला. हिरवा रंग काळपटत चालला, कुशी आत गेल्या.

शेवटी गोठ्यात गव्हाणीला आडवी काठी बांधून तिच्यावर त्याला बसवला. समोर गुळाचा खडा ठेवला. माश्या घोंगावल्या आणि त्याची जीभ सुटली. माझ्या हातून काही मेलं नव्हतं. मी नुसता गूळ ठेवला होता.

संध्याकाळी त्याला डाळिंबावर नेऊन पानांवर पाणी शिंपडायची, तेव्हा आत्याबाई, माझ्या सासूबाई, ओसरीवरून म्हणायच्या, "आड आटला, मानसं घागरीमागं हिंडत्यात, आन ही सरड्याला अभिषेक करतीया!"

"तुळशीला घालून उरलेलंच आहे, आत्याबाई."

"व्हय तर. तुळस हिरवी, सरडा हिरवा. मीच तेवढी वाळली!" असं म्हणून हसायच्या. मग पदरानं डोळे पुसत विचारायच्या, "मालन जेवती का गं तिकडं? काय सांगावा आला का?"

वैरण संपली. बैल घोडेगावच्या बाजारात गेले. गोठा रिता झाला तशा माश्याही गेल्या, गुळाला नुसत्या मुंग्या लागल्या. आणि त्याच आठवड्यात मालन गेली. आमचे मालक नगरहून परतले ते तिचं लुगडं काखेत घेऊन.

सासरचं कुणी फिरकलं नाही. दहावा आम्हीच घातला. नदीचं पात्र कोरडं ठाक. पिंड ठेवला आणि सगळे मागं सरले. कावळा समोरच बाभळीवर बसलेला, पण उतरेना.

"मालन, तुझ्या नवऱ्याला जाब इचारल्याबिगर ऱ्हानार न्हाई," मालक म्हणाले. कावळ्यानं मान फिरवली.

"तुझं डोरलं देवीला वाहीन गं बाई," आत्याबाई रडत म्हणाल्या. कावळा जागचा हलेना.

"दुस्काळात कावळ्याचा बी भाव वाढला," आत्याबाईंचे भाऊ सहादूमामा पुटपुटले. कुणी हसलं नाही.

ऊन चढत होतं. मी बायकांतून दोन पावलं पुढं झाले. माझा आवाज मुळातच बारीक. "मालन," मी म्हटलं, "घोयऱ्याला मी जगवीन. नाकतोडे धरून चारीन."

"काय म्हनली ती?" मागून कुणीतरी विचारलं.

"सरड्याचं काय तरी."

कावळा उतरला. बोलण्यानं उतरला की भुकेनं, देव जाणे.

घरी आलो तेव्हा घोयरा डाळिंबाच्या बुंध्याशी होता. काळा ठिक्कर, डोळे खोल गेलेले. पानांवर पाणी शिंपडलं. थेंब ओघळला, तो त्यानं हळूच टिपला. तेवढाच जीव उरला होता त्याच्यात.

सुतकात देवाला शिवायचं नव्हतं. लांबूनच तुळशीला हात जोडले. इतक्या वर्षांत कधी नेम मोडला नव्हता. चातुर्मास अजून सरायचा होता. "मोडते," एवढंच म्हटलं. कारण सांगत बसले नाही. तिला ठाऊक असणार.

वळले तर आत्याबाई दारात. हातात मालनचा नाकतोड्यांचा डबा, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेला. इतक्या दिवसांत त्या डब्याला कुणी हात लावला नव्हता.

"खालच्या बांधाला हराळी हाय अजून वली," त्या म्हणाल्या. "मालन तितंच जायची."

मी डबा घेतला, डोक्यावर पदर ओढला आणि खालच्या बांधाकडं चालू लागले.