‘नका’साठी राखलेलं तेल

“पंख वाकव पोरी, पंख! वळतेयस की बस पकडायला पळतेयस?”

धावपट्टीच्या कडेच्या गवतात डेलमर क्रिब्स दोन्ही हात पसरून उभा होता. त्याच्या पुढ्यात यानित्सा तसेच हात पसरून एका अंगाला कलत चालली होती. मी ऑफिसच्या दारात बर्फाचा चहा घेऊन उभी होते. तिऱ्हाइतानं पाहिलं असतं तर म्हाताऱ्याला आणि पोरीला एकदमच ऊन लागलं म्हणाला असता. पण विमानाच्या धुरानं आकाशात लिहिणारी माणसं आधी जमिनीवर अशीच चालून घेतात. कुठं वळायचं, कुठं धूर बंद करायचा, सरळ किती जायचं, हे आधी पायांना पाठ व्हावं लागतं. डोकं वर गेल्यावर विसरतं, पाय विसरत नाहीत.

“काका, पण हे उलटं चालतोय ना आपण?”

“उलटंच चालायचं. तू कागदाच्या वर, वाचणारा कागदाच्या खाली. लोरीन, सांग हिला!”

“मला नका ओढू त्यात,” मी म्हटलं. “मी बिलं लिहिते. ती वरून वाचा, खालून वाचा, तितकीच कडू.”

महिनाभर हा धडा माझ्या ऑफिसच्या काचेच्या दारावर चालला होता. साबणाची वडी घेऊन यानित्सानं आतून अक्षर काढायचं, मग बाहेर जाऊन ते सुलटं दिसतं का बघायचं. एवढं स्वच्छ आणि एवढं घाण दार मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आमचा धंदा साधा आहे. यानित्सा विमानाच्या शेपटीला कापडी अक्षरांची माळ लावून समुद्रकिनाऱ्यावरून ओढत नेते. कालवांची खानावळ, अपघाताची भरपाई मिळवून देणारा वकील, ‘शेरिल, माझ्याशी लग्न करशील का’. वकिलाचं गिऱ्हाईक पक्कं असतं, शेरिलचं काही सांगता येत नाही. बागेवर मात्र ही माळ नेता येत नाही. बाग म्हणजे ती झुल्यांची, राजवाड्याची, ज्यासाठी अर्धं जग आमच्या फ्लोरिडात उतरतं. तिच्यावरून कमी उंचीवर उडायला बंदी आहे. पण दहा हजार फुटांवर कुणाचं कुंपण पोचत नाही. तिथं डेलमरचं राज्य होतं.

तरुणपणी तो संत्र्यांच्या बागांवर औषध फवारायचा. झाडांच्या शेंड्यांना चाकं घासत उडणारा हा माणूस पुढं एकदम ढगांत कसा गेला, ते त्यानं कधी सांगितलं नाही. तीसेक वर्षं आठवडाभर तो साबण लिहायचा, मोटारी लिहायचा, वाढदिवस लिहायचा. आणि आकाश निरभ्र असलं की रविवारी सकाळी चर्चला जायच्या ऐवजी बागेवर जाऊन देवाचं लिहायचा. नेहमी तेच दोन शब्द: भिऊ नका. आमच्या इंग्रजीत त्याची सात अक्षरं होतात, पहिल्या शब्दाची चार, दुसऱ्याची तीन.

“दरवेळी तेच काय?” मी एकदा विचारलं होतं. “देवाजवळ दुसरं काही बोलण्यासारखं नाही का?”

“बायबलात देवदूत दिसला की पहिलं वाक्य हेच असतं,” तो म्हणाला. “पुढचं ऐकायला माणूस आधी जागेवर थांबायला हवा ना!”

मी स्वतः चर्चला जात नाही. त्यात माझा फायदा आहे आणि उपदेशकाचाही, कारण मी ऐकायला बसले की माणसं बोलताना अडखळतात. पण हे उत्तर मी जमेच्या बाजूला लिहून ठेवलं.

मग उन्हाळ्यात डोळ्याच्या डॉक्टरानं त्याला खाली उतरवलं. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग. कडेचं दिसायचं, समोरचं पुसलं जायचं, आणि डाग वाढत जाणार होता.

“तुझे कान दिसतात लोरीन,” तो मला म्हणाला. “मधलं सगळं गेलं.”

“मधलं गेलं ते बरंच झालं. कान माझे अजून चांगले आहेत.”

तो हसला, पण थोडंच. मग कोंबडीसारखी मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघत म्हणाला, “मी लिहिलेलं एकदा खालून बघायचंय. सगळंच काळं व्हायच्या आत.”

“भिंतीवर फोटो आहेत की.”

“लग्नाचा फोटो बघितला म्हणजे जेवण झालं का?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हजारो माणसांनी माना मोडून वाचलेलं हे अक्षर लिहिणाऱ्यानं कधीच वाचलं नव्हतं. तो वर असताना त्याला दिसायच्या पांढऱ्या गल्ल्या. खाली उतरून बागेपर्यंत यावं, तोवर पिंजलेला कापूस. दर रविवारी उतरल्यावर तो आधी मला विचारायचा, “कसं दिसलं?” मी आवारातून दिसलं तेवढं सांगायचे. हा माणूस इतकी वर्षं माझ्या डोळ्यांवर जगला होता.

लिहिणार कोण, तर यानित्साच. तिचं घर पोर्तो रिकोचं, विमानात आजीची जपमाळ लटकवलेली, चर्चला मात्र नाताळात आणि वादळाच्या आदल्या दिवशी. “देवाचं अक्षर माझ्या हातून वाकडं गेलं तर, काका?” ती पहिल्याच दिवशी म्हणाली.

“वाकडं गेलं तर चालतं. अर्धं राहिलं तर चालत नाही.”

त्यामागं एक गोष्ट होती. एका ऑक्टोबरात पहिला शब्द संपला आणि तेलही संपलं. पॅराफिनचं तेल इंजिनाच्या तापलेल्या नळीत सोडलं की धूर होतो. तेल नाही तर अक्षर नाही. बागेच्या वर नुसतं ‘भीती’ तरंगत राहिलं. आमच्या इंग्रजीत तो पहिला शब्द एकटा असला की तसाच वाचला जातो. ऑक्टोबर म्हणजे इथं भुताखेतांचे खेळ. लोकांना वाटलं, नव्या भूतबंगल्याची जाहिरात. ऑफिसात फोनही आले, तिकिटं कुठं मिळतात म्हणून. मी सांगितलं, भीतीला तिकीट लागत नाही, घरपोच मिळते. तेव्हापासून डेलमरचं एकच पालुपद:

“भीती कुणीही लिहील. तेल ‘नका’साठी राखायचं.”

हे यानित्साला त्यानं इतक्या वेळा ऐकवलं, की ती त्याच्या पाठीमागं त्याच्याच आवाजात म्हणून दाखवायची.

ऑक्टोबरातला पहिला गार वारा येऊन गेला आणि रविवारी आकाश धुतल्यासारखं निघालं. सकाळी मक्याच्या कण्या खाऊन आम्ही दोघं बागेत गेलो. तीसेक वर्षं जिच्यावर लिहिलं, तिच्या दारातून डेलमर पहिल्यांदाच आत शिरत होता. चर्चचा पांढरा शर्ट, कडक इस्त्री, केसांना पाणी. दारावरच्या पोऱ्यानं माझी पर्स उघडून विमानांशी बोलायचा रेडिओ बाहेर काढला.

“हे काय, मॅडम?”

“नवऱ्याचं श्रवणयंत्र,” मी डेलमरकडे बोट दाखवलं. “फार बहिरा आहे हो.”

डेलमर लाजून लाल झाला. आम्ही आत.

लाकडी घोड्यांच्या चक्रापाशी आकाश मोकळं दिसत होतं. तिथं उभं राहायचं तर रांगेतच राहावं लागत होतं, म्हणून आम्ही रांगेत लागलो. पुढं ओहायोचं एक जोडपं: नवऱ्याच्या हातात टर्कीची भाजलेली तंगडी, बायकोच्या डोक्यावर उंदराच्या कानांची टोपी.

इंजिनाचा आवाज मला ऐकू यायच्या आधी डेलमरनं मान वाकडी केली. “आली.”

निळ्यावर पांढरी रेघ उमटली. लांब, सरळ, एखाद्यानं नखानं ओढावी तशी. मग तिला आडव्या दोन. पहिलं अक्षर पुरं झालं आणि डेलमरनं माझा दंड आवळला.

“उलटं काढलं! लोरीन, पोरीनं उलटं काढलं! थांबव तिला!”

मी वर पाहिलं. अक्षर तर सुलटं होतं, शाळेच्या फळ्यावर असावं तसं. मी पुन्हा पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. तो मान तिरकी करून वर बघत होता आणि त्याचा पसरलेला हात नकळत वरच्या बाजूनं ते अक्षर गिरवत होता.

“डेलमर,” मी म्हटलं, “तू आज खाली आहेस.”

त्याचा हात हळूच खाली आला.

“असं दिसतं होय,” तो पुटपुटला.

“आम्हाला असंच दिसत आलंय. तूच इतकी वर्षं देवाच्या बाजूनं बघत होतास.”

दुसरं अक्षर, तिसरं, चौथं. काय अक्षर होतं! प्रत्येक एखाद्या गावाएवढं. राजवाड्याचे सगळे मनोरे त्याच्या एका काठीत मावले असते. मी इतकी वर्षं आमच्या आवारातून, लांबून, तिरकं पाहिलेलं. बरोबर खाली उभं राहिल्यावर पायांखालची जमीनच हलकी झाली. माझ्यासारख्या बाईलासुद्धा बोलायला काही सुचेना, याची नोंद आमच्या धावपट्टीवर कुणीतरी करून ठेवायला हवी.

रांग माना वर करून अंदाज बांधत होती.

“भीती!” ओहायोवाला तंगडी वर करून म्हणाला. “बघ, मी म्हटलं नव्हतं? भुतांच्या खेळाची जाहिरात.”

“सकाळी सकाळी कशाला हे,” बायको म्हणाली. “पोरं घाबरतात.”

“जाड आलंय का गं?” डेलमरनं मला विचारलं.

“मस्त जाड. दुधाच्या सायीसारखं.”

त्याचा चेहरा उतरला. तेव्हा मला उमगलं. पोरीनं गुरूला दाखवायला म्हणून पहिल्या शब्दावर तेल ओतलं होतं.

धूर थांबला. पांढरा ठिपका दूर गेला, वळला. आता खालच्या ओळीत यायला हवं होतं. आलं नाही. ठिपका नुसता गोल फिरत राहिला. वर चार अक्षरं फुगत होती आणि रांगेतली पोरं ती ओरडून वाचत होती. मागं कुणीतरी भुताचा आवाज काढला, हशा पिकला. मी पर्समध्ये हात घातला.

डेलमरनं माझं मनगट धरलं. “नको.”

“अरे, विचारते तरी!”

“मनात चालतेय ती. आता बोललीस तर पाऊल चुकेल.”

मी त्याला फवारणीच्या विमानातून शेतात आदळल्यावर पाहिलंय, डॉक्टरकडून परत आल्यावर पाहिलंय. असा घाबरलेला कधी पाहिला नव्हता. ओठ मात्र हलत होते. तोही चालत होता बहुतेक, तिच्याबरोबर.

मग धूर सुटला. पहिल्या शब्दाच्या निम्म्यानंही नसेल एवढी लहान, बारीक, पण धारदार रेघ. डेलमरनं डोळ्यांचा कोपरा तिकडं लावला.

“लहान काढतेय,” मी म्हटलं.

“शहाणी आहे,” तो म्हणाला.

पहिलं अक्षर आलं, दुसरं आलं, गोल. तिसऱ्याची आडवी रेघ टोकाला तुटक तुटक झाली, शिवणयंत्रातला दोरा संपावा तशी. आणि थांबली. पण झालं होतं.

“भिऊ नका,” उंदराच्या कानांची बाई मोठ्यानं वाचू लागली आणि वाचता वाचता आवाज हळू झाला. “अगंबाई. हे तर...”

“देवच निघाला,” नवरा म्हणाला. तंगडी खाली आली होती. कुणी हसलं, कुणी “च्च” केलं, एका आजीनं छातीवर क्रूस काढला. बाकीचे नुसते बघत राहिले. घोड्यांचं चक्र वाजत होतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

माझी पर्स खरखरली. “खालचे लोक, कसं दिसलं, काका?”

मी रेडिओ त्याच्या हातात दिला. दर रविवारी जो प्रश्न तो मला विचारायचा, तो आज त्याच्याच कानाशी आला होता. त्यानं आधी मान तिरकी करून वर पाहिलं. वर वारा पहिल्या शब्दात शिरला होता. जाड अक्षरं आधी फुगली, मग विस्कटली, मग एकात एक मिसळून निळ्यात उतरली. खालची लहान तीन तेवढी जागच्या जागी होती.

“मोठं गेलं, पोरी,” तो म्हणाला. “नुसतं ‘नका’ उरलंय.”

“तेल कमी पडणार होतं काका, चुकलं माझं. मग लहान करून मनातल्या मनात पुन्हा चालले.”

“ऐकलं मी,” तो म्हणाला, आणि रेडिओ माझ्याकडे दिला.

घोड्यांच्या चक्राच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलीनं साखळी काढली. रांग सरकली. ओहायोचं जोडपं पुढं गेलं आणि आमच्यापुढं जागा रिकामी झाली. त्या बागेत रांगेत पडलेली जागा कुणी क्षणभर सोडत नाही, मागून पोटऱ्यांना बाबागाड्या लागतात. डेलमर मान एका बाजूला झुकवून, हात अंगाशी घट्ट धरून, वर बघत उभा होता.

मागचं कुणी ढकललं नाही. एकानं आपली बाबागाडी उलट थोडी मागं घेतली.